पाणचक्की पाहावी ती पाण्याच्या वाटेने

छत्रपती संभाजीनगरला येणारे बहुतेक पाहुणे पाणचक्कीला पंधरा-वीस मिनिटे देतात. हौदाच्या काठावर एक फोटो, भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्यापुढे दुसरा, चक्कीच्या खोलीत जरा डोकावून पाहिले की रिक्षा मकबऱ्याच्या दिशेने निघते. मग घरी गेल्यावर सांगायला उरते ते एवढेच, की तिथे पाण्यावर फिरणारे एक जाते आहे. हे मला फार खटकते. कारण चक्की हा त्या सगळ्या व्यवस्थेचा लहानसा भाग आहे. खरी करामत काही किलोमीटर लांब, डोंगरात सुरू होते, जमिनीखालून शहरात येते, भिंतीच्या पोटातून वर चढते, दगड फिरवते आणि मग नदीला मिळते. ही वाट डोक्यात ठेवून पाहिले तर पाणचक्कीला दीड-दोन तासही पुरत नाहीत. तशी ती कशी पाहावी, यासाठी हा लेख.

आधी थोडी ओळख. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाला लागून असलेला हा परिसर मुळात सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा तकिया, म्हणजे फकिरांचे आणि वाटसरूंचे राहण्याचे ठिकाण. शाह मुसाफिर आणि त्यांचे गुरू बाबा पलंगपोश हे नक्शबंदी परंपरेचे. ते मध्य आशियातून, बुखाऱ्याच्या मुलखातून दख्खनेत आले. औरंगजेबाच्या फौजेत त्या प्रदेशातले पुष्कळ सैनिक होते आणि या तकियाला त्यांचा मोठा आधार होता. इथे फकीर, प्रवासी, शिकणारे विद्यार्थी, गरीबगुरीब असे सगळे जेवत. रोज एवढ्या माणसांच्या भाकरी-रोटीला लागणारे पीठ दळणार कोण, या अगदी रोकड्या गरजेतून चक्की उभी राहिली.

बांधकामाच्या सनाबद्दल वाचताना तुम्हाला कुठे १६९५ मिळेल, कुठे १७४४. गोंधळून जाऊ नका. हे एका वर्षात उभे राहिलेले काम नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नहर (पाण्याची भुयारी वाट), चक्की, हौद, कारंजी, मशीद असा परिसर टप्प्याटप्प्याने वाढत गेला. त्यात तुर्कताज खान आणि जमील बेग खान या सरदारांची नावे येतात. फारसी-अरबीचा मोठा कवी आझाद बिलग्रामी दख्खनेत आल्यावर काही वर्षे याच तकियात राहिला होता. त्याची कबर खुलताबादला आहे.

केव्हा जावे, सोबत काय घ्यावे

सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. शहराचा वार्षिक पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, तोही लहरी. पावसाळा बरा झाला असेल तर डोंगरातले झरे भरलेले असतात आणि पाण्याला जोर असतो. एप्रिल-मेमध्ये पाणी रोडावते. तेव्हा आलात तर चाक थांबलेले दिसण्याची तयारी ठेवा. थांबलेली चक्कीही बघण्यासारखी आहे, किंबहुना तिची रचना थांबलेली असताना जास्त नीट दिसते. पण लहान मुलांना फिरती चक्की दाखवायची असेल तर उन्हाळ्याची सुट्टी टाळा.

वेळ सकाळची धरा. दहाच्या आत पोहोचलात तर हौदाकाठी शांतता असते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात. मग चक्कीच्या खोलीपुढे रांग लागते आणि दगडाचा आवाज ऐकू येणे कठीण. शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी असते, तेवढी वेळ सोडावी.

मुक्कामाचे वेळापत्रक आखताना एक गोष्ट लक्षात ठेवा. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. त्यामुळे त्यांपैकी कोणत्या दिवशी हात रिकामे राहत असतील तर तो दिवस शहराला द्या. पाणचक्की, बीबी का मकबरा आणि मकबऱ्याच्या मागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्या एका दिवसात आरामात होतात. रेल्वे स्टेशन किंवा मध्यवर्ती बसस्थानकावरून रिक्षावाल्याला नुसते 'पाणचक्की' म्हटले तरी पुरे. आत जायला माफक तिकीट आहे, सुटे पैसे जवळ असू द्या.

सोबत एक छोटी बॅटरी घ्या, कारण चक्कीच्या खालचा भाग अंधारा असतो आणि मोबाइलचा उजेड तिथे पुरत नाही. दर्ग्यात जायचे असेल तर डोक्यावर घ्यायला रुमाल किंवा ओढणी हवी. चपला अशा घाला की पटकन काढता-घालता येतील. दगडी फरशी पाण्याच्या शिंतोड्यांनी निसरडी होते, म्हणून गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. आजी-आजोबा सोबत असतील तर हौदापर्यंतचा भाग त्यांना सहज जमतो. त्याखालच्या पायऱ्या मात्र हात धरून उतरवाव्या लागतील.

सुरुवात दरवाजाबाहेर: आधी नदी बघा

रिक्षातून उतरलात की थेट तिकीट खिडकीकडे जाऊ नका. आधी पुलाच्या बाजूला जाऊन खाम नदीकडे बघा. आज तिचे पाणी पाहून उत्साह वाटणार नाही. अलीकडच्या वर्षांत नदी स्वच्छ करण्याचे काम शहराने मनावर घेतले आहे, तरी अजून बरेच व्हायचे आहे. पण आपल्याला इथे बघायची आहे ती उंची. नदीचे पात्र किती खाली आहे आणि पाणचक्कीचा परिसर किती वर आहे, हे डोळ्यांनी मोजून ठेवा. चक्की फिरते ती या उंचीच्या फरकावर. नदी अगदी जवळून वाहते, पण तिचे पाणी चक्कीला उपयोगाचे नाही, कारण ते आधीच सर्वांत खालच्या पातळीला पोहोचलेले आहे. म्हणून पाणी आणावे लागले ते लांबच्या डोंगरातून.

नदीकडच्या बाजूने भिंतीतल्या कमानीही दिसतात. त्या लक्षात ठेवा, आपण आतून त्यांच्यामागे जाणार आहोत.

नहर: जी दिसत नाही, तीच आधी समजून घ्यावी

शहराच्या उत्तरेला, हर्सूल-जटवाड्याच्या बाजूच्या डोंगरांत पाणी जमिनीखाली झिरपत उतरते. ते तिथल्या विहिरीत गोळा करून खापराच्या नळांतून, जमिनीखालून, नुसत्या उतारावर इथवर आणले. कुठे मोट नाही, रहाट नाही, माणूस नाही, जनावर नाही.

या शहराला ही कला नवी नव्हती. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवले आणि पुढच्या काही वर्षांत नहर-ए-अंबरी बांधून शहराला पाणी दिले. तेव्हापासून पुढची दीडशे वर्षे इथे एकामागून एक नहरी निघत राहिल्या. पाणचक्कीची नहर त्याच घराण्यातली. पुण्याच्या वाचकांना कात्रजचे पाणी आठवेल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले आणि वाटेत हवा खेळण्यासाठी, गाळ काढण्यासाठी उच्छ्वास ठेवले. तत्त्व तेच.

पण उतारावरून पाणी आणले एवढ्याने इथले काम भागत नव्हते. वाटेत सखल भाग येतो. तिथे नळ खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. बंद नळात पाणी आपली पातळी सोडत नाही. एका टोकाला ते जितके उंच असेल, जवळपास तितकेच ते दुसऱ्या टोकाला चढते. घर्षणात थोडी उंची कमी होते, इतकेच. गवंड्याच्या हातातली पाणी भरलेली पारदर्शक नळी याच नियमावर भिंतीची पातळी दाखवते.

यातली अडचण अशी, की खोल भागात नळावर दाब वाढतो आणि खापर फुटते. शिवाय नळात हवा अडकली तर पाण्याचा रस्ता बंद होतो. त्यावर उपाय म्हणून वाटेत ठिकठिकाणी दगड-चुन्याचे मनोरे बांधले. पाणी मनोऱ्याच्या पोटातून वर चढते, माथ्यावर मोकळ्या हवेत येते आणि दुसऱ्या नळाने खाली उतरून पुढे जाते. वर आल्यावर हवा सुटते, गाळ खाली बसतो आणि दाब आटोक्यात राहतो. देखभाल करणाऱ्याला प्रत्येक मनोऱ्यावर पाणी किती उंच आले आहे ते दिसते. दोन मनोऱ्यांत फरक जास्त पडला की मधे कुठेतरी गळती आहे, हे जमीन न उकरता कळते. मला विचाराल तर या सगळ्या परिसरातली सर्वांत हुशार गोष्ट हीच आहे. चक्की दुसऱ्या क्रमांकावर.

आता आत जा आणि ज्या उंच भिंतीवरून पाणी हौदात कोसळते, तिच्यासमोर उभे राहा. पाणी तिथे खालून वर चढून आलेले आहे. भिंतीच्या माथ्याकडे पाहा आणि मग बाहेर पाहिलेले नदीचे पात्र आठवा. पंपाशिवाय पाणी एवढ्या उंचीवर आणून ठेवणे ही अर्धी लढाई होती. एकदा ते तिथे पोहोचले की मग त्याच्याकडून काय हवे ते करून घेता येते: कारंजी उडवता येतात, हौद भरता येतो, दगड फिरवता येतो.

हौद

हौद लांबट, आयताकृती आहे आणि त्यात कारंजी आहेत. इथे फार वेळ घालवावा असे नाही, पण एक गोष्ट आवर्जून करा. पूर्ण एक फेरी मारा आणि प्रत्येक बाजूने पाणी कुठून येते व कुठून जाते ते शोधा. भरलेला हौद म्हणजे इथे नुसती शोभा नव्हती. तो पाण्याचा साठाही होता आणि त्याच्या खाली काय दडले आहे ते पुढे येईलच. पाण्यात नाणी, खाऊ, फुले काही टाकू नका. बंदिस्त मार्गांत एकदा कचरा अडकला की तो काढणे फार जिकिरीचे असते.

काठावरचा जुना वड मोठा देखणा आहे. उन्हाच्या वेळी आलात तर त्याच्या सावलीत बसून पुढचा भाग वाचा.

चक्कीच्या खोलीत: काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने पाहावे

घरातले जाते ज्यांनी पाहिले आहे त्यांना निम्मी चक्की आधीच कळलेली असते. दोन तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीच्या तोंडात दाणे वैरायचे. ते दोन दगडांच्या मधून भरडत, बारीक होत कडेला सरकतात आणि भोवताली पीठ पडते. जात्यात वरची तळी खुंट्याला धरून माणूस फिरवतो. इथे ती खालून फिरवली जाते.

म्हणून आधी दगडाकडे बघा, मग नजर खाली न्या. वरच्या तळीला जोडलेला उभा दांडा खालच्या तळीच्या मध्यातून आरपार खाली जातो. खालच्या कप्प्यात त्याच दांड्याला आडवे चाक बसवलेले असते, भोवताली पाती असलेले. उंचावरून बंदिस्त मार्गाने आलेले पाणी जोरात त्या पात्यांवर आदळते, चाक फिरते, दांडा फिरतो, तळी फिरते. मधे एकही दातेरी चाक नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. बॅटरी काढायची ती इथे. दांडा कुठे शिरतो, पाती कशी वळलेली आहेत, पाणी नेमके कोणत्या बाजूने आदळते, हे सगळे बघा. कठड्याबाहेर वाकू नका, दगड ओला असतो.

पाणचक्की म्हटले की उभे, मोठे लाकडी चाक नजरेसमोर येते. ती युरोपातल्या चक्क्यांची चित्रे पाहून झालेली सवय आहे. आडव्या चाकाची चक्की साधी असते आणि थोड्या पाण्यावरही चालते, मात्र त्या पाण्याला उंची हवी. मध्य आशिया, इराण, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड या सगळ्या डोंगरी पट्ट्यात हीच जात आढळते. बुखाऱ्याकडून आलेल्या माणसांच्या तकियात ती बसवली गेली, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही. त्यांनी ती लहानपणापासून पाहिलेली असणार. दख्खनेत तिला लागणारी उंची मात्र निसर्गाने आयती दिली नव्हती, ती नहरीने मिळवून दिली.

यानंतर तीन गोष्टी शोधा.

पहिली, धान्य कुठून पडते. अशा चक्क्यांत दगडावर हॉपर, म्हणजे दाणे ओतायचा खाली निमुळता होणारा डबा, टांगलेला असतो आणि त्यातून दाणे थोडे-थोडे तोंडात पडतात. दाणे जास्त पडले तर पीठ जाडे येते आणि चाक मंदावते. फार कमी पडले तर दगडावर दगड घासतो. जात्यावर बसलेली बाई हे प्रमाण हाताच्या मुठीने सांभाळते. चक्कीत तेच काम यंत्राकडून करून घ्यायचे असते.

दुसरी, दोन तळ्यांमधली फट. आडव्या चाकाच्या चक्कीत दांड्याचे खालचे टोक एका तुळईवर टेकलेले असते. ती तुळई किंचित उचलली की वरची तळी उचलली जाते आणि भरड निघते. खाली केली की बारीक पीठ. डाळ भरडायची की गहू दळायचा, हे ठरते ते केसभर फरकाने.

तिसरी, पाणी बंद कसे करत असतील. चक्कीला बटण नसते. पाण्याची वाट दुसरीकडे वळवली की ती थांबते. अशी वळवण्याची जागा कुठे असू शकेल, याचा अंदाज मुलांना करायला लावा. मोठ्यांनाही मजा येते.

चाक फिरत असेल तर फेरे मोजून बघा. दगडावरची एखादी खूण किंवा डाग निवडा, मोबाइलवर पंधरा सेकंदांचे चित्रण करा, त्यात ती खूण किती वेळा समोर येते ते मोजा आणि चाराने गुणा. मिनिटाचे फेरे मिळाले. हाताने जाते फिरवून पाहिलेल्या कोणालाही त्या आकड्याची किंमत लगेच कळेल.

दगडाची टाकीही समजून घेण्यासारखी आहे. गुळगुळीत दगड दळत नाही. तळ्यांच्या आतल्या बाजूला छिन्नीने बारीक घाव घालून त्या खरखरीत ठेवाव्या लागतात. दळून दळून ते घाव झिजतात आणि जाते पुन्हा टाकवावे लागते. 'जात्याला टाकीऽऽ' अशी हाळी देत फिरणारे टकारी गावोगाव असत, ते यासाठीच. मोठ्या चक्कीच्या तळीला टाकी लावायची तर आधी ती उचलून उलटी करावी लागते, आणि ते एकट्यादुकट्याचे काम नाही.

एक छोटासा हिशेब

पाण्यात किती ताकद असते, हे कागदावर मांडून पाहिले की चक्कीकडे बघायची नजर बदलते. एक लिटर पाणी एक मीटर खाली आले की जवळपास १० ज्यूल ऊर्जा मिळते. समजा, दर सेकंदाला ३० लिटर पाणी ६ मीटर खाली पडते आहे. हे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत. ३० गुणिले ६ गुणिले ९.८, म्हणजे सुमारे १,७५० वॅट. त्यातली निम्मी ताकद शिंतोड्यांत आणि घर्षणात गेली असे धरले, तरी आठ-नऊशे वॅट हाती लागतात. घरघंटीची १ अश्वशक्तीची मोटर असते ७४६ वॅटची.

आता दुसरी बाजू. निरोगी माणूस तासन्‌तास काम करत राहिला तर साधारण ७५ वॅटच्या आसपास ताकद देऊ शकतो. म्हणजे आपल्या उदाहरणातली चक्की एका वेळी दहा-बारा माणसांचे काम करते. आणि ही माणसे म्हणजे कोण, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. पहाटे तीन-चारला उठून, दिवसभराचे शेत आणि चूल पुढे असताना, आधी जात्याला बसणाऱ्या बाया. जात्यावरच्या ओव्यांची आपण फार कौतुकाने आठवण काढतो, आणि त्या आहेतही कौतुकाच्या. पण ओवी गायली जात होती कारण काम जड होते आणि रोजचे होते. शेकडो माणसांच्या दळणाचे ओझे पाण्यावर टाकणारी ही खोली पाहताना मला आधी त्या हातांची आठवण येते. सोबत आजी असेल तर चक्कीपाशी तिला बोलते करा. जाते कोणते होते, किती दळण असायचे, सोबतीला कोण बसायचे. हे विचारायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

हौदाखालचा गारवा

आता खाली. वरचा मोठा हौद ज्या छतावर उभा आहे, त्या छताखाली खांबांवर पेललेले प्रशस्त दालन आहे. डोक्यावर शेकडो टन पाणी आणि खाली माणसे राहतात, ही रचना करायला बांधणाऱ्याला स्वतःच्या चुन्यावर आणि कमानींवर पूर्ण भरवसा हवा. वरच्या पाण्यामुळे छत तापत नाही. नदीच्या बाजूने वारा येतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार गेलेला असताना, यात्रेकरूंना इथे थंडावा मिळे.

दालन खुले आहे की नाही, ते त्या-त्या वेळी विचारून घ्या. उघडे असेल तर आत गेल्यावर मिनिटभर थांबा आणि बाहेरच्या व आतल्या हवेतला फरक अंगाला जाणवू द्या. मग छताकडे बॅटरी मारा. कमानी कशा एकमेकींत गुंफल्या आहेत ते पाहा. सुरुवातीला नदीकडून पाहिलेल्या कमानी त्या याच. उरलेले पाणी शेवटी खाम नदीत जाते. डोंगरातून निघालेल्या वाटेचे हे शेवटचे टोक.

दर्गा आणि मशीद

ही जागा आधी श्रद्धेची आहे, मग पर्यटनाची. बाबा शाह मुसाफिर यांची कबर साधी आहे आणि तिथे रोज लोक येतात. चपला बाहेर, डोके झाकलेले, आवाज हळू. कोणी दुआ मागत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नका आणि न विचारता माणसांचे फोटो काढू नका. इथे बसणाऱ्या वयस्कर मंडळींना अदबीने सलाम करून काही विचारले तर पुष्कळदा चांगल्या गोष्टी ऐकायला मिळतात: पूर्वी पाणी किती जोरात यायचे, कोणत्या वर्षी आटले, उरुसाला किती माणूस जमते. हे कोणत्या फलकावर लिहिलेले नसते. परिसरातच राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय आहे. एखाद्या बंद भागाविषयी किंवा चित्रीकरणाच्या परवानगीविषयी तिथे चौकशी करावी.

दुकानांत हिमरूच्या शाली दिसतील. हातमागावरचा हिमरू आणि यंत्रावरचा माल दोन्ही विकले जातात, किमतीत मोठा फरक असतो. शालीची उलटी बाजू बघायला मागा आणि हातमाग कुठे चालतो, ते विचारा.

मुलांना न्यायचे असेल तर

आदल्या रात्री घरी दोन प्रयोग करा. पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून तिची दोन टोके वर-खाली करा, नहर समजते. पुठ्ठ्याची पाती लावलेले छोटे चाक पेन्सिलीत अडकवून, पेन्सिल उभी धरून नळाखाली तिरक्या धारेत न्या, चक्की समजते. जाते मिळाले तर उत्तमच. मूठभर ज्वारी दळायला लावा. दहा मिनिटांत हात भरून येतात आणि मग दुसऱ्या दिवशी पाण्याने फिरणारा दगड बघताना काही समजावून सांगावे लागत नाही. शिक्षकांनी सहल आणताना वर्गाचे तीन-चार गट करून, एकेका गटाला नहर, चक्की, हौद, दालन अशी एकेक जागा वाटून द्यावी आणि शेवटी वडाखाली बसून पाण्याची सलग वाट रेखाटून घ्यावी.

अर्धा दिवस जास्त असेल तर

नहरीची वाट शोधायला निघा. एकट्याने नको. शहरात वारसाप्रेमींचे गट फेऱ्या काढतात, त्यांच्यासोबत जा. वस्त्यांमधून, मोकळ्या जागांतून जुने मनोरे अजून उभे दिसतात. काही ठिकाणी त्यांच्या अंगावर घरे चढली आहेत. पाणचक्कीची खरी दुखणी इथे कळतात. पाया खणताना खापराचे नळ फुटतात, वरचे पाणलोट क्षेत्र बांधकामाखाली जाते, गाळ साचतो, कूपनलिका झऱ्यांचे पाणी ओढून घेतात. चक्कीच्या खोलीची कितीही रंगरंगोटी केली तरी नहर तुटली तर तो दगड कायमचा थांबेल. वारसा वाचवायचा तर भिंतींआधी नळ वाचवला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या ओळखीत त्या भागात कोणी घर बांधत असेल आणि खणताना खापरी नळ लागला, तर तो बुजवून टाकण्याआधी पुरातत्त्व विभागाला कळवायला सांगा.

आडव्या चाकाची चक्की प्रत्यक्ष दळण दळताना पाहायची असेल तर त्यासाठी हिमालयात जावे लागेल. उत्तराखंडात आणि हिमाचलात तिला घराट म्हणतात आणि ओढ्याकाठच्या काही गावांत आजही गहू, मका, मंडुवा (नाचणी) तिच्यावर दळला जातो. तिथे दळणाचा मोबदला म्हणून पिठाचाच वाटा ठेवून घेण्याची रीत होती. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना व्हर्जिनियात कॉल्व्हिन रन मिल जवळ पडेल. १८११ च्या सुमारासची ही चक्की दुरुस्त करून चालती ठेवली आहे. तिचे चाक उभे आहे आणि दातेरी चाकांमधून दगडांपर्यंत गती पोहोचते. ऑलिव्हर इव्हान्सने १७९० मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीने धान्य वर चढवण्याचे कामही तिथे पाण्याकडूनच करून घेतात. दोन्ही पाहिल्या तर आडव्या चाकाचा साधेपणा किती मोलाचा आहे, ते उमगते.

पाणचक्कीहून निघाल्यावर बीबी का मकबरा एक-दीड किलोमीटरवर आहे. तिथल्या कारंज्यांच्या रांगा पाहताना त्यांना पाणी कुठून आणि कोणत्या उंचीवरून येत असेल, हे आपणच शोधायचा प्रयत्न करा. दुसऱ्या दिवशी वेरूळला जाताना वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो. तिथला भलामोठा हत्ती हौद मुद्दाम थांबून बघा, आणि पावसाळ्यानंतर त्यात पाणी किती आहे ते पाहून घ्या.